बोल्ट फिरतो, पण निघत नाही: जुन्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे जाम झालेले भाग कसे सोडवायचे

जुनी ऑल्टो, झेन, वॅगनआर किंवा त्याच बांधणीची कुठलीही गाडी घ्या. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश गेलेत, नवीन आणून ठेवलेत, गाडी उचलली आहे आणि ट्रेलिंग आर्मचा, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा दांडा (अ‍ॅक्सल) बॉडीला जोडणाऱ्या लांब आर्मचा, बोल्ट काही केल्या निघत नाही. नट सुटला, बोल्टही थोडा फिरतोय, पण बाहेर एक मिलिमीटर सरकत नाही. पाना सोडला की बोल्ट आपोआप उलटा फिरून जागेवर येतो. मग टॉमीला (बोल्ट सोडवायच्या लांब दांड्याला) पाईप लागतो, घण येतो, शेवटी गॅस पेटतो. संध्याकाळी बुश जळालेला असतो, ब्रॅकेट वाकलेला असतो आणि बोल्ट आहे तिथेच असतो.

यातली बहुतेक मेहनत चुकीच्या जागी होते. अशा वेळी आटे जाम झालेले नसतात. बोल्टचा गुळगुळीत दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने धरलेला असतो. नट कितीही तापवला, इम्पॅक्ट गन कितीही वाजवली, तरी त्या नळीवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी अडलंय कुठे ते ओळखायचं आणि मग हत्यार उचलायचं.

आत काय असतं

ट्रेलिंग आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, बसणाऱ्या बुशचे तीन थर असतात: बाहेर लोखंडी कवच, मध्ये रबर, आत जाड लोखंडी नळी. बोल्ट या नळीतून आरपार जातो. नट आवळला की बॉडीवरच्या ब्रॅकेटचे दोन्ही कान, म्हणजे बाजूचे पत्रे, नळीला दोन बाजूंनी घट्ट दाबतात. गाडी खालीवर होताना ही नळी अजिबात फिरत नाही. रबर पिळतं आणि परत सुटतं, तेवढ्यावर आर्मची हालचाल होते. अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या लॅटरल रॉडच्या दोन्ही टोकांना आणि शॉकअपच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) खालच्या डोळ्यात हीच रचना लहान आकारात असते.

बोल्ट आणि नळी यांच्यात केसाएवढी फट राहते. पावसाळ्यात पाणी तिथे शिरतं आणि दोन्ही बाजू आवळलेल्या असल्यामुळे लवकर सुकत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे काही वर्षांत ती फट गंजाने ठासून भरते. नटात आटे अडकतात ते जेमतेम सेंटिमीटरभर लांबीत. नळीत बोल्ट धरला जातो तो तिच्या पूर्ण लांबीत, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. नट सुटूनही बोल्ट का सुटत नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

पुण्यातल्या सगळ्या गाड्या सारख्या जाम होत नाहीत. हडपसर, खराडीकडे फिरणाऱ्या गाडीपेक्षा पिरंगुट, मुळशी, लोणावळा भागात रोज जाणारी गाडी चार महिने जास्त भिजते. सगळ्यात वाईट अवस्था मुंबईहून किंवा कोकणातून विकत आणलेल्या गाड्यांची असते. एमएच-०७ किंवा एमएच-०८ ची (सिंधुदुर्ग, रत्नागिरीची) जुनी गाडी पुण्यात आणून वापरत असाल, तर खारट हवेने आतलं काम आधीच केलेलं आहे असं धरूनच तयारीला लागा. खालून मारलेल्या काळ्या अँटी-रस्ट कोटिंगवरही भिस्त ठेवू नका. बोल्टच्या डोक्यावर डांबरी थर बसतो, बाहेरून सगळं काळंभोर आणि सुरक्षित दिसतं, आणि आत अडकलेलं पाणी बाहेर यायची वाटच बंद होते.

कुठे धरलंय ते ओळखायची खूण

तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं, वॉशर, कान आणि कान व आर्मच्या मधल्या अरुंद जागेत दिसणारी नळीची कड साफ करा. पांढऱ्या पेंट मार्करने डोक्यापासून कानापर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि नळीच्या कडेवर दुसरी छोटी रेघ ओढा. आता नट सैल करून बोल्टच्या डोक्यावर गोटी (सॉकेट पाना) लावा आणि ताकदीने फिरवा, डोळे नळीच्या रेघेवर ठेवून.

बोल्टबरोबर नळीची रेघही सरकली आणि हात सैल सोडल्यावर दोन्ही परत आल्या, तर दांडा नळीत धरलेला आहे. जे परत ढकलतंय ते पिळलेलं रबर आहे. जुन्या गाडीत दहापैकी सात-आठ वेळा हेच निघतं.

नटच हलत नसेल आणि डोक्यावरही काही हालचाल नसेल, तर आटे धरलेत, किंवा आटे आणि दांडा दोन्ही. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण तेल आणि उष्णता दोन्ही आट्यांपर्यंत पोचू शकतात.

बोल्ट गोल-गोल फिरतो, सैलही लागतो, पण बाहेर येत नाही, असं असेल तर नट कसा बसवलाय ते बघा. काही गाड्यांत नट ब्रॅकेटला किंवा बॉडीच्या बंद पेटीत वेल्ड केलेला असतो. तो वेल्ड तुटला की नट बोल्टबरोबर आतच फिरत राहतो. इथे ताकद लावून काहीच साधत नाही, उलट पेटीचा पत्रा फाटतो.

बोल्ट फिरतोय, थोडा बाहेरही येतोय, पण करकरत आणि दर फेऱ्याला जास्त जड होत चाललाय, तर तो एकाच दिशेने काढू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, तेल मारा, परत सोडा. गंजाचा भुगा आट्यांत दाबला गेला की बोल्ट मध्येच मोडतो, आणि मोडल्यावर कामाचा वेळ चौपट होतो.

हात लावायच्या आधीचे दोन दिवस

ज्याला हे काम एका दुपारी आटोपायचं आहे त्याने निदान तेल तरी दोन दिवस आधी सुरू करावं. आधी नटाबाहेर डोकावणारे आटे ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. नट बाहेर येताना याच आट्यांवरून येणार आहे आणि गंजलेले आटे त्याला वाटेतच अडवतात. मग सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारा: नटाच्या मागे, बोल्टच्या डोक्याखाली आणि नळीच्या दोन्ही कडांवर. साधं डब्ल्यूडी-४० ओलावा हटवायला चांगलं, पण खोलवर धरलेल्या गंजासाठी खास पेनिट्रंट म्हणून विकला जाणारा स्प्रे घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं काम होतं. हे मिश्रण प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं आणि ते फार झटकन पेट घेतं. ज्या दिवशी गॅस किंवा ग्राइंडर वापरणार त्या दिवशी त्याला जवळपासही ठेवू नका.

तेल मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर मध्यम हातोडीचे दहा-पंधरा टोले द्या. बोल्ट बाहेर काढायला नव्हे, गंजाला बारीक तडे पाडायला. तेल त्या तड्यांतून आत जातं. ठोके न देता नुसतं तेल मारलं तर ते बाहेरूनच ओघळतं.

हत्यारांत काटकसर एकाच ठिकाणी करू नका: गोटी सहा कोनी हवी. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. या गाड्यांत बहुतेक १४, १७ आणि १९ मिलिमीटरचं माप लागतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, दोन फुटांची टॉमी घ्या. रॅचेटला पाईप लावू नका, आतले दात तुटतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाड भिंतीच्या जुन्या गोट्या आणि पहारी मिळतात. फक्त तोंड झिजलेलं नाही ना, हे नव्या बोल्टवर बसवून बघा.

नवीन बोल्ट आणि नट कामाला सुरुवात करायच्या आधी हातात असू द्या. इथे एक गोष्ट फार लोकांना अडवते. जपानी घडणीच्या गाड्यांत १० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १.२५ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) बारीक आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा एम १२ बोल्ट १.७५ चा असतो आणि एम १० बोल्ट १.५ चा. पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, गेलात तर पिच सांगून आणि ग्रेड (ताकदीचा आकडा) बघूनच घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं हवं. कोरं डोकं असलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये घालू नका. त्यातही दांड्याची गुळगुळीत लांबी जुन्या बोल्टएवढीच हवी, नाहीतर आटे नळीच्या आत येतात आणि तिथे बोल्ट झिजतो. हे सगळं जुळवण्यापेक्षा नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मूळ बोल्ट-नटच मागवणं सोपं, एक-दोन दिवस थांबावं लागलं तरी.

गाडी उचलताना

हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं उचलली की त्याचा गाडी थांबवायला काहीही उपयोग उरत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तो डोळ्याला जाणवत नाही, पण जॅकला जाणवतो.

बॉडीच्या जॅकिंग पॉइंटखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा एकावर एक ठेवलेल्या रिम चालणार नाहीत. त्याशिवाय ट्रॉली जॅक अ‍ॅक्सलखाली हवाच. या गाड्यांत अ‍ॅक्सल खाली लोंबकळायला मुख्यतः शॉकअपच अडवतात. दोन्ही शॉकअप एकदम काढले आणि अ‍ॅक्सलला आधार नसला तर तो खाली येतो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून चिरली जाऊ शकते. म्हणून एका वेळी एकच बाजू सोडा.

जे बोल्ट चाकं जमिनीवर असताना पोचता येतात, ते तसेच सैल करून घ्या. घोड्यांवरच्या गाडीला खालून आडवं पडून टॉमीला जोरात हिसके देणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. जवळ पिट किंवा रॅम्प असलेलं गॅरेज तासाभरासाठी मिळत असेल तर पहिली सोडवणूक तिथे करा.

शॉकअप

शॉकअपचा वरचा नट काही गाड्यांत डिकीतून लागतो, काहींत खालून. नट फिरवला की आतला रॉडही बरोबर फिरतो. रॉडच्या टोकाला दोन बाजूंनी सपाट खाचा असतात, त्या छोट्या पान्याने धरून नट फिरवायचा. खाचा गोल झाल्या असतील आणि शॉकअप बदलायचाच असेल, तर रबरी कव्हर वर करून रॉडलाच व्हाइस ग्रिपने पकडा. शॉकअप परत वापरायचा असेल तर रॉडला पकड लावायची नाही. त्यावर एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं आणि शॉकअप गळायला लागतो. तेव्हा नट स्प्लिटरने नटच फोडा.

खालच्या बाजूला दोन प्रकार दिसतात. आरपार बोल्ट असेल तर तो तुटला तरी फार बिघडत नाही, नवीन येतो. अ‍ॅक्सलवर वेल्ड केलेली स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला खुंट) असेल तर मात्र हात आवरा, कारण ती मोडली तर थेट अ‍ॅक्सलचं काम निघतं. शॉकअपच्या डोळ्यातली नळी स्टडवर धरलेली असेल तर शॉकअपला झोके देऊन ती सुटत नाही, स्टड वाकते. आधी डोळ्याची बाहेरची कडी आणि रबर कापून शॉकअप बाजूला करा. स्टडवर आता फक्त पातळ नळी उरते. तिच्यावर लांबीच्या दिशेने ग्राइंडरने चीर पाडा, नळीच्या जाडीपेक्षा किंचित कमी खोल. चीर स्टडपर्यंत जाऊ द्यायची नाही. मग त्या चिरेत छन्नी ठेवून एक टोला दिला की नळी उघडते आणि हाताने निघते.

शॉकअपच्या नळकांड्याला गॅसची ज्योत लावू नका आणि ग्राइंडरही लावू नका. आत तेल असतं आणि गॅसवाल्या शॉकअपमध्ये दाबाखालचा वायूही असतो.

इंडिकासारख्या गाडीत मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली असते. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा मधला नट सोडायचा नाही. वरची बशी गोळीसारखी उडते.

ट्रेलिंग आर्म आणि लॅटरल रॉड

दांडा नळीत धरलेला आहे हे ठरलं की सोप्यापासून सुरुवात करा, पण सोप्या उपायांवर अख्खा दिवस घालवू नका.

पहिलं पाऊल उलटं: सोडायच्या आधी बोल्ट किंचित आवळून बघा. गंजाचा बंध कुठल्याही दिशेने तुटला तरी चालतो. मग नट बोल्टच्या टोकाशी सपाट होईल इतका सोडून तसाच ठेवा आणि त्यावर ठोका. उघड्या टोकावर ठोकलं तर आटे पसरून टोक फुलतं, आणि मग बोल्ट सुटला तरी कानाच्या भोकातून जात नाही. समोरच्या कानाला बाहेरून दुसरा जड हातोडा टेकवून धरा म्हणजे पातळ कान वाकणार नाही. पोचायला जागा नसेल तर पितळी किंवा मऊ लोखंडी पंच वापरा. कॉम्प्रेसर असेल तर एअर हॅमर घणापेक्षा कितीतरी चांगला. दोन-चार जबर फटक्यांपेक्षा दोन-तीन मिनिटांची सलग थरथर गंजाला लवकर मोकळं करते. मध्ये-मध्ये तेल मारत राहा.

बरेच जण यानंतर बोल्टचं डोकं इम्पॅक्ट गनने गरागरा फिरवतात. काही वेळाने बोल्ट मोकळा फिरायला लागतो आणि सुटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात रबर फाटलेलं असतं, आणि बोल्ट व नळी एकत्र फिरत असतात. नळीचा बाहेरचा व्यास कानाच्या भोकापेक्षा मोठा असल्यामुळे ही जोडी भोकातून कधीच बाहेर येणार नाही. इथपर्यंत आलात की थांबा. पुढचा उपाय कापणं हाच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. बुश बदलायचाच आहे, बोल्ट नवीन आणलेला आहे. वाचवायचा आहे तो फक्त ब्रॅकेट आणि आर्म.

गॅसबद्दल स्पष्टच सांगायला हवं. जाम नट तापवायला उष्णता उत्तम, कारण नट फुगतो आणि आट्यांतला बंध तुटतो. पण नळीत धरलेल्या दांड्यासाठी ती फार कमी कामाची. नळीपर्यंत उष्णता पोचायच्या आत रबर पेटतं. मागच्या सस्पेन्शनच्या शेजारीच पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल असते, आणि खालचं डांबरी कोटिंगही पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावायची नाही. क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी वायू निघतो. पुण्यात यातल्या कितीतरी गाड्यांना नंतर सीएनजी किट बसवलेलं आहे, सिलिंडर डिकीत आणि पाईप खालून गेलेला. अशा गाडीत मागच्या बाजूला ज्योत किंवा ठिणगी आणायचीच नाही. हॅकसॉ किंवा रेसिप्रोकेटिंग सॉनेच (पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीनेच) काम करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून.

कापायची जागा अशी: आर्मचा डोळा आणि ब्रॅकेटचा कान यांच्या मध्ये काही मिलिमीटर नळी उघडी दिसते. रबराची कड चाकूने खरवडून ती जागा मोकळी करा, कारण रबर पात्याला चिकटून दात भरतात. नट परत घट्ट आवळा म्हणजे कापताना बोल्ट पात्याबरोबर फिरणार नाही. मग कानाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, नळी आणि बोल्ट एकदम कापा. दोन्ही बाजू कापल्या की बोल्टचा मधला तुकडा आत घेऊन आर्म खाली येतो. कानावर नळीची एक पातळ चकती आणि बोल्टचा खुंट उरतो. चकती दोन-तीन मिलिमीटरचीच असेल तर छन्नीच्या एका टोल्याने सुटते. जाड ठेवलीत तर तिच्याशी परत झगडावं लागतं, म्हणून कानाला चिकटून कापायचं.

रेसिप्रोकेटिंग सॉला जाड लोखंडासाठीचं बायमेटल पातं लावा, वेग कमी ठेवा, दाब जास्त द्या आणि तेल सोडत राहा. वेग वाढवला की दात तापून मिनिटभरात मऊ होतात. एका कापाला एक पातं जाईल असं धरून तेवढी आणून ठेवा. ग्राइंडर वापरणार असाल तर चार इंची, १ मिलिमीटरची चकती, गार्ड लावलेला, डोळ्यांवर चष्मा. टाकीच्या बाजूला ओलं पोतं टांगा, शेजारी अग्निशामक ठेवा. पार्किंगमधल्या शेजारच्या गाडीवरही जाड कापड टाका, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके पुसून जात नाहीत. चकती कानाला घासू देऊ नका. तो पत्रा पातळ झाला तर पुढे तिथूनच तडकतो.

वेल्ड केलेल्या नटात खुंट राहिला असेल तर आता रबर जवळ नाही, टाकी झाकता येत असेल तर नट तापवून व्हाइस ग्रिपने खुंट फिरवता येतो. खुंट निघाल्यावर त्या नटातून त्याच पिचचा टॅप (आटे साफ करायचं हत्यार) एकदा फिरवा, सरळ आणि तेल लावून. आतला नट सुटून फिरत असेल तर पेटीच्या बाजूला चांगल्या वेल्डरकडून छोटी खिडकी कापून घ्या, नवा नट वेल्ड करा आणि खिडकी परत बंद करून रंग लावा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

लॅटरल रॉडचंही असंच, फक्त तो काढला की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. घाबरायचं कारण नाही. बसवताना एकाने गाडीच्या बाजूला खांदा लावून ढकललं की भोकं जुळतात. पहारीने भोकं जुळवायला गेलात तर नव्या बुशचं रबर पहिल्याच दिवशी फाटतं.

बुश काढणं आणि दाबणं

जुना बुश काढायच्या आधी त्याची दिशा टिपून ठेवा. काही बुशच्या रबरात मोकळ्या खाचा असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच हव्यात. डोळ्यावर रंगाने खूण करा आणि कवच दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे ते मोजून लिहा.

भोसरीत किंवा नाना पेठेत हायड्रॉलिक प्रेस असलेल्याकडे दिलं तर हे काम पटकन होतं. तिथे उभं राहून दोन गोष्टी बघा. दाब कवचाच्या कडेवरच यायला हवा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नाही. आणि आर्मच्या डोळ्याला खालून कवचापेक्षा मोठ्या पाईपचा आधार हवा. बुशच्या जागी ग्रीस किंवा तेल लावू नका, ते रबराला खातं. साबणाचं पाणी पुरतं. प्रेस नसेल तर हॅकसॉचं पातं डोळ्यातून घालून कवचाला आतून दोन चिरा पाडा, आर्मला न लागता, आणि छन्नीने कवच आत दुमडा.

आर्मवर पापुद्रे सुटलेला गंज असेल किंवा टोकदार हातोडीने खड्डे पडत असतील, तर बुशवर पैसे घालू नका, बुशसकट पूर्ण आर्म घ्या. आणि बुश नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक बाजू कडक, एक मऊ राहिली की ब्रेक मारताना गाडी तिरकी ओढते.

परत बसवताना, आणि हे दुखणं परत का येतं

नवे बुश सहा-आठ महिन्यांत गेले अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोष बुशचा नसतो. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळलेला असतो. त्या स्थितीत आतली नळी कानांत पकडली जाते. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. पार्किंगमध्ये उभ्या गाडीतही ते पिळलेलंच असतं, आणि प्रत्येक स्पीड ब्रेकरला आणखी पिळलं जातं.

म्हणून सगळे बोल्ट आधी फक्त हाताने, वॉशर टेकेपर्यंत आवळा. मग गाडी स्वतःच्या वजनावर आणा: चाकं रॅम्पवर घ्या, किंवा अ‍ॅक्सलखालचा जॅक इतका वर घ्या की बॉडी घोड्यांवरून जेमतेम उचलली जाईल. मागचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून, ८.८ ग्रेडच्या १२ मिलिमीटर बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला ४५ ते ५० लागतात. हाताच्या अंदाजाने पाईप लावून आवळलेला बोल्ट याच्या दुपटीलाही जातो.

बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला आणि नळीच्या आतून कॉपर ग्रीस किंवा अँटी-सीझ भरपूर लावा, फट पूर्ण भरेल इतकं. आट्यांना ते लावू नका. आटे बुळबुळीत झाले की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. नायलॉनवाले किंवा चेपलेले लॉकनट एकदा काढले की नवेच घाला. बसवून झाल्यावर डोकं, नट आणि नळीच्या कडांवर मेणासारखं अँटी-रस्ट मारा. डांबरी कोटिंग या जागांवर नको.

हँडब्रेकची केबल आणि ब्रेकच्या नळीच्या क्लिपा जागेवर बसल्यात का, गाडी खाली घेतल्यावर नळी चाकाला किंवा आर्मला घासत नाही ना, हे हात फिरवून बघा. दोन्ही बाजूंचं पुढच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आर्म वाकलाय किंवा ब्रॅकेट. दीड-दोनशे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच टॉर्क रेंचने एकदा तपासा. त्यानंतर दर दिवाळीच्या सुमाराला, पावसाळा सरला की, प्रत्येक बोल्ट पूर्ण काढायची गरज नाही. नट थोडा सैल करा, बोल्ट नळीत मोकळा फिरतो का बघा, कडांवर तेल मारा आणि परत वजनावर आवळा. बोल्ट जड लागला तर त्याच दिवशी काढून साफ करून ग्रीस भरा, पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका.